पेढी आणि पिढी



पेढी आणि पिढी या दोन शब्दांत लिहिताना फरक पडतो तो एका मात्रेचा आणि एका वेलांटीचा. व्यवहारात मात्र या दोहोंची गाठ अशी बसलेली असते की, एक सुटली की दुसरी सैल व्हायला वेळ लागत नाही. आपल्या बोदवडच्या बाजारातून फेरी मारली, तर जुन्या दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव, गादीवर नातू आणि हार घातलेल्या तसबिरीत पणजोबा, असे दृश्य आजही दिसते. पणजोबा मारवाडातून, कच्छातून किंवा गुजरातेतून आलेले असतात. नातू आपल्याशी आपल्याच बोलीत भाव करतो. ही माणसे काय घेऊन आली, त्यांनी येथे काय उभे केले आणि ते पुढे कोणाच्या पदरात पडले, याचा हिशेब आज मांडावा असे माझ्या मनात आहे.

माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. अशा माणसाने व्यापारी घराण्यावर बोलायला उभे राहावे याचे काहींना नवल वाटेल. शेटजींची स्तुती करणे हा माझा धंदा नाही आणि निंदा करणे ही नुसती सवय होऊ नये अशी माझी समजूत आहे. आम्ही वाटाघाटीला बसतो, तेव्हा आधी ताळेबंद मागतो. जमा कोणती, नावे कोणते, हे पाहिल्यावर मगच बोलतो. आजही तोच क्रम ठेवू.

उदाहरणासाठी मी दूर जात नाही. आपल्या शेजारच्या जामनेर तालुक्यातील वाकोदचे जैन घराणे घेतो आणि जोडीला अमळनेरचे प्रेमजी घराणे थोडक्यात पाहतो. दोन्ही घराणी बाहेरून आलेली, दोघांनीही खानदेशात कारखाने काढले आणि दोघांचीही नावे पुढे देशाबाहेर गेली.

बाहेरची माणसे का आली

1818 साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे 1860 नंतरच्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ गाठून नागपूरकडे गेला. त्याच सुमारास, म्हणजे 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या जमिनीकडे वळली. कापूस पिकविणारे येथे होते. तो विकत घेणारे, उचल देणारे आणि मुंबईच्या पेढीवर हुंडी लिहून पैसा फिरविणारे पुरेसे नव्हते. ती जागा बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांनी भरून काढली. बोदवडसारखी स्टेशनाच्या आश्रयाने वाढलेली बाजाराची गावे या उलाढालीत भरभराटीला आली.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उचल देणाऱ्याच्या हातात वही असते आणि घेणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जाचे दस्त जाळले. त्यांचा राग नेमका कागदावर होता. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याविषयी आपल्या समाजात जो संशय मुरला आहे, त्याचे मूळ तेथे आहे आणि तो अगदीच निराधार नव्हता.

तथापि येथे एक भेद केला पाहिजे. मारवाडातून आलेला प्रत्येक जण सावकार होऊन आला नाही. पुष्कळसे लोक पाण्याच्या आणि पोटाच्या ओढीने आले. जोधपूरजवळील अगोलाई हे गाव सोडून जैन घराण्याचे पूर्वज 1887 साली अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी, वाकोदला आले, ते याच कारणाने. जेथे पाणी दुर्मिळ तेथून निघालेले हे घराणे पुढे पाण्याच्याच धंद्यात नावारूपाला आले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तीन पिढ्यांची शिल्लक

या घराण्यातील भवरलाल हिरालाल जैन यांचा जन्म वाकोदला 12 डिसेंबर 1937 रोजी झाला. जळगावकर त्यांना मोठेभाऊ म्हणत. त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती आणि सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. ती सोडून 1963 साली त्यांनी रॉकेल विकण्याचा धंदा सुरू केला. भांडवल होते 7,000 रुपये आणि ही होती घराण्याच्या तीन पिढ्यांची साठवण.

हा आकडा ऐकून आपण पुढे जातो. पण थोडा हिशेब करू. 1887 ते 1963 ही झाली 76 वर्षे. सात हजाराला 76 ने भागले, तर वर्षाला सरासरी 92 रुपये पडतात. म्हणजे महिन्याला आठ रुपयांच्या आत. मारवाडी माणूस लोटा घेऊन येतो आणि हवेली बांधतो, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ज्या घराने पाऊणशे वर्षांत महिना आठ रुपयांपेक्षा जास्त शिल्लक टाकली नाही, ते घर आपल्या शेजारच्या कोणत्याही मध्यम शेतकऱ्यासारखेच होते.

मग या पिढ्यांनी मागे ठेवले तरी काय? माझ्या समजुतीप्रमाणे कोणत्याही पेढीच्या वारशात चार जिन्नस असतात. पहिला मालमत्ता, दुसरा देणे, तिसरा पत आणि चौथा हुन्नर. पहिले दोन कागदावर येतात व वकील त्यांची वाटणी करू शकतो. पत ही नावाबरोबर जाते. ती वाटता येत नाही, फक्त राखता किंवा घालवता येते. हुन्नर मात्र माणसांच्या हातात असतो आणि तो सगळाच्या सगळा मालकाच्या घरात कधीच नसतो. वाकोदच्या घरात मालमत्ता थोडी होती. जपून राहण्याची सवय आणि व्यवहारातली पत होती. तेल कंपनीने आपली एजन्सी दिली ती पतीवरच.

विक्रीतून निर्मितीकडे

रॉकेलनंतर ट्रॅक्टर, खते, बियाणे, नळ असा शेतीला लागणारा माल एजन्सीने विकण्याचा व्यवसाय वाढत गेला. एजन्सी घेणारा व्यापारी दोन दगडांच्या मध्ये असतो. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसरे, मधली दलाली तेवढी आपली. मूळ कंपनीने एजन्सी काढून घेतली की दुकानाला कुलूप. या अवस्थेतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे स्वतः काही तयार करणे.

1978 साली ही संधी आली. केळीची भुकटी करणारा एक बंद पडण्याच्या वाटेवरचा कारखाना जैन बंधूंनी 30 लाख रुपयांना घेतला. भुकटीचा धंदा चालण्यासारखा नव्हता. तेव्हा त्याच यंत्रांवर त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास आरंभ केला. कच्च्या पपईवर चरे ओढले की पांढरा चीक पाझरतो. तो वाळवून शुद्ध केला म्हणजे प्रथिने पचविणारे द्रव्य हाती येते. मांस मऊ करण्यासाठी, औषधांसाठी आणि मद्य नितळ करण्यासाठी परदेशात त्याला मागणी होती. शेतकऱ्याला पपई लावायला सांगणे, चीक गोळा करणे, तो नासण्यापूर्वी कारखान्यात आणणे ही सगळी साखळी नव्याने घालावी लागली. शेतकऱ्याला माल विकणारी पेढी आता शेतकऱ्याकडून माल घेऊ लागली. घराण्याच्या इतिहासातील खरे वळण मला येथे दिसते.

1980 मध्ये पीव्हीसीचे नळ तयार होऊ लागले. 30 डिसेंबर 1986 रोजी जैन इरिगेशन सिस्टिम्स ही कंपनी नोंदविण्यात आली आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचनाचे काम सुरू झाले.

ठिबकचा शोध जळगावचा नव्हे. इस्राएलमधील सिम्हा ब्लास या अभियंत्याने ती कल्पना प्रत्यक्षात आणली व 1965 साली तेथील हात्झेरीम या सामुदायिक वसाहतीत तिचे उत्पादन सुरू झाले. परंतु वाळवंटातील पद्धत खानदेशच्या काळ्या चिकण मातीत, विजेच्या भारनियमनात आणि गढूळ विहिरीच्या पाण्यावर चालविणे ही निराळी विद्या होती. तत्त्व सोपे आहे. पाटाने सोडलेले पाणी झाडाच्या मुळाशी पोचण्यापूर्वी पुष्कळसे जमिनीत जिरते अथवा उडून जाते. ठिबकमध्ये नळीला बसविलेली तोटी तासाला 2, 4 किंवा 8 लिटर इतकेच पाणी थेंबाथेंबाने मुळाशी सोडते. केळीच्या झाडाजवळ ताशी 4 लिटरच्या दोन तोट्या दोन तास चालल्या, तर झाडाला 16 लिटर पाणी मिळते. पाच फुटांवर लागवड असली, तर एकरात सुमारे 1,740 झाडे बसतात. म्हणजे एकराला दिवसाचे 28,000 लिटरच्या आसपास पाणी झाले. विहिरीत किती पाणी आहे व किती झाडे जगतील, हे गणित शेतकरी प्रथमच बोटांवर करू शकला. बोदवडकरांना पाण्याच्या गणिताचे महत्त्व मी सांगायला नको. डोक्यावर हंडा वाहिलेल्या आयाबहिणी या सभेत बसल्या आहेत.

1990 नंतरच्या दशकात ऊतिसंवर्धित केळीची रोपे आली. पूर्वी बसराई, श्रीमंतीसारख्या जातींचे कंद लावून पीक घ्यायचे, म्हणजे दीड वर्षाचा धीर धरावा लागे. ग्रँड नैन जातीची प्रयोगशाळेत वाढविलेली एकसारखी रोपे ठिबकवर लावली, की बाग सुमारे वर्षभरात कापणीला येऊ लागली.

आता यातील हुन्नर कोणाचा? कंपनीने नळी, रोप आणि सल्ला दिला, हे खरे. परंतु पीव्हीसीची भुकटी तापवून साच्यातून ओढताना नळाची जाडी सारखी ठेवणे हे पुस्तकात वाचून येत नाही. यंत्र सुरू झाल्यावर पहिला माल वाया जातो, त्याच्या रंगावरून आणि वासावरून उष्णता जास्त झाली हे अनुभवी कामगार ओळखतो. तोट्या क्षाराने बुजल्या की आम्ल किती सोडावे, नळ्या कोणत्या दिवशी धुवाव्या, हे रावेर-यावलच्या केळीउत्पादकांनी स्वतःच्या बागांचे नुकसान सोसून शिकून घेतले. हा वारसा कोणाच्याही मृत्युपत्रात लिहिलेला नाही. तो नसता तर मृत्युपत्रात लिहिण्यासारखे काही उरले नसते.

देणेही वारशातच येते

नावे बाजूकडे वळू. या कंपनीवर दोन मोठी संकटे आली. पहिले 1990 नंतरच्या दशकात. आर्थिक धोरण बदलले होते, बाजारात पैसा सहज मिळत होता आणि कंपनीने आपला ओळखीचा व्यवसाय सोडून वित्तव्यवहारासारख्या अनोळखी क्षेत्रांत पाऊल टाकले. त्यात मोठी खोट आली. सावरायला पुढील काही वर्षे गेली. भवरलालभाऊंनी ही चूक आपली म्हणून भागधारकांपुढे उघडपणे कबूल केली. मालक चुकला तर बाजार वाईट, सरकार वाईट, कामगार आळशी, असे ऐकण्याची आम्हाला सवय. म्हणून ही कबुली मला उल्लेखनीय वाटते.

दुसरे संकट पुढच्या पिढीवर आले. 2006 नंतर कंपनीने अमेरिका, इस्राएल आणि युरोप येथील अनेक कंपन्या विकत घेतल्या. त्यासाठी कर्ज काढले होते. इकडे देशात ठिबकच्या विक्रीचे एक निराळेच दुखणे होते. ते समजून घेण्यासारखे आहे, कारण भरभराटीत चाललेला धंदाही कर्जात कसा बुडतो, हे त्यातून कळते.

ठिबकला सरकारी अनुदान असते. केंद्राच्या योजनेत लहान शेतकऱ्याला खर्चाच्या 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के असे प्रमाण ठरलेले आहे. अनेक ठिकाणी पद्धत अशी होती की, शेतकऱ्याने आपला हिस्सा द्यावा, कंपनीने संच बसवून द्यावा आणि अनुदानाची रक्कम मागाहून सरकारकडून घ्यावी. संच शेतात गेला, वहीत विक्री लिहिली गेली, नफाही दिसला. पैसा मात्र पाहणी, मंजुरी आणि तरतूद या तीन दारांतून येता येता महिनोन्‌महिने अडकून राही. तोवर कच्च्या मालाचे बिल, पगार आणि बँकेचे व्याज थांबत नाही. ते भागविण्यासाठी पुन्हा कर्ज. विक्री जितकी वाढेल, तितकी उधारी वाढेल आणि तितके कर्ज वाढेल. आपल्याकडील किराणा दुकानदाराला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. उधारीच्या वहीने बुडालेली दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत.

भवरलालभाऊ 25 फेब्रुवारी 2016 रोजी निवर्तले. अशोक, अनिल, अजित आणि अतुल या चार पुत्रांकडे कारभार होता. 2019 साली कंपनी कर्जाचे हप्ते वेळेवर देऊ शकली नाही. धनकोंबरोबर वाटाघाटी होऊन मार्च 2022 मध्ये कर्जफेडीची नवी योजना अमलात आली. मार्च 2023 मध्ये परदेशातील सिंचनाचा व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्यात आला आणि त्यायोगे कर्जाचा मोठा बोजा उतरला. बापाने जोडलेले जे परदेशात होते, त्याचा ताबा सोडून मुलांनी जळगावचे घर राखले, असे म्हणावे लागेल.

त्या तीन वर्षांत जळगावच्या हजारो घरांत एकच प्रश्न होता: कारखाना राहील ना? कर्ज कामगाराने काढले नव्हते. परदेशातील कंपनी घेताना त्याला कोणी विचारले नव्हते. तरी देण्याच्या वारशात तो वाटेकरी होता. मालकाची मालमत्ता कामगाराच्या वाट्याला येत नाही. मालकाचे देणे मात्र त्याच्या चुलीपर्यंत येते. हा पेढीच्या वारशाचा असा नियम आहे की, तो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसला तरी चुकत नाही.

अमळनेरचा दाखला

आता तापीखोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. मूळ कच्छकडच्या घराण्यातील महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 29 डिसेंबर 1945 रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तेलाच्या उरल्यासुरल्या भागातून 787 नावाचा कपडे धुण्याचा साबणही तेथे होऊ लागला. 1966 च्या ऑगस्टमध्ये महंमद हुसेन एकाएकी वारले. अमेरिकेत शिकत असलेला त्यांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धे टाकून परत आला. वय 21 वर्षे. भागधारकांच्या सभेत एका गृहस्थांनी त्याला तोंडावर सांगितले की, हा कारभार तुझ्याने होणार नाही, एखाद्या जाणत्या माणसाकडे सोपव.

या तरुणाने जे पहिले बदल केले, त्यांत एक आपल्या बाजाराच्या ओळखीचा आहे. शेंगदाणा खरेदी करताना अनुभवी माणूस दाणे चावून आणि हातात चोळून भाव ठरवीत असे. अझीम प्रेमजींनी दाण्यातील ओल व तेलाचे प्रमाण तपासून भाव ठरविण्याची पद्धत घातली. जुना हुन्नर एका जिभेवर होता. नवा मापात आला, म्हणून तो दुसऱ्याला शिकविता येऊ लागला. पुढे या कंपनीचे नाव विप्रो झाले आणि 1980 च्या सुमारास ती संगणकाच्या व्यवसायात शिरली, हे सर्वश्रुत आहे.

अमळनेरचे वैशिष्ट्य निराळे आहे. तेथील अनेक घरांनी या कंपनीचे भाग घेतले आणि कित्येकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या विकले नाहीत. भाग वाढतात कसे, तेही पाहू. नफ्याची साठलेली रक्कम भांडवलात वळवून कंपनी बक्षीस भाग देते. 2004 च्या आरंभी एखाद्याकडे 3 भाग होते असे धरा. त्या वर्षी एकास दोन मिळाले, झाले 9. 2005 मध्ये एकास एक, 18. 2010 मध्ये तिनास दोन, 30. 2017 मध्ये एकास एक, 60. 2019 मध्ये तिनास एक, 80. 2024 मध्ये एकास एक, 160. एक पैसाही न भरता वीस वर्षांत 3 चे 160 झाले. अर्थात भाकरीचे तुकडे जास्त केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. बक्षीस भाग निघाले की एका भागाची किंमत त्या मानाने उतरते. परंतु इतक्या वर्षांत धंदाच वाढत गेला, म्हणून भाकरीही मोठी झाली.

2019 साली दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये अझीम प्रेमजींनी विप्रोतील आणखी भागांचे उत्पन्न आपल्या धर्मादाय संस्थेला दिले; त्यामुळे कंपनीच्या एकूण मालकीपैकी 67 टक्क्यांचा आर्थिक लाभ शिक्षण व लोकसेवेच्या कामाकडे गेला. जुलैअखेर ते निवृत्त झाले आणि पुत्र रिशाद अध्यक्ष झाले. खुर्ची मुलाकडे गेली, मिळकतीचा मोठा वाटा समाजाकडे गेला. मालकी आणि कारभार ही एकच वस्तू नव्हे, हे यातून शिकण्यासारखे आहे.

तरीही माझा प्रश्न उरतोच. अमळनेरला वारसा मिळाला, तो ज्याच्या पेटीत भागाचा कागद होता त्याला. साबणाच्या कढईपुढे उभ्या राहणाऱ्याने पोटाला चिमटा घेऊन भाग घेतला असेल, तर त्यालाही मिळाला. नसेल घेतला, तर त्याने तीस वर्षांच्या कामातून पगार नेला आणि हिशेब संपला.

कामगाराचा वारसा कागदावर कसा येईल

येथे मी अनुभवाची एक गोष्ट सांगतो. आपल्याच भागातील एका जिनिंग कारखान्यात वडील वारल्यावर मुलांच्या वाटण्या झाल्या. कारखाना एका मुलाकडे आला, पाटी बदलली, यंत्रे आणि माणसे तीच राहिली. तेथे चरख्याला कापूस घालणारी एक मावशी होती. एकोणीस हंगाम तिने रुईच्या धुरळ्यात काढले होते. खोकला जडला म्हणून ती काम सोडू लागली. उपदानाचा अर्ज घेऊन आम्ही गेलो. नव्या मालकाने नम्रपणे सांगितले, “मावशी आमच्याकडे दोनच हंगाम आहेत. आधीचे वडिलांच्या वेळचे.” वडिलांच्या वेळची हजेरी मुकादमाच्या वहीत होती आणि मुकादम वहीसकट गाव सोडून गेला होता. गुदाम, यंत्रे, नाव आणि पत यांचा वारसा मुलाने सांगितला. मावशीच्या सतरा हंगामांचा वारसा मात्र त्याला आठवेना. आमचा दावा पुराव्यावाचून पडला. ती मला एवढेच म्हणाली, “भाऊ, शेटजींची दिवाळीची पूजा झाली की पेढे मीच वाटायची. ते तरी कोणी लिहून ठेवले असेल ना?”

कायदा तिच्या बाजूने नव्हता असे नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1956 पासून अशी तरतूद होती की, कारखान्याची मालकी बदलली आणि कामगाराची नोकरी अखंड ठेवून घेतली, तर नव्या मालकाने पुढे भरपाई देताना जुनी नोकरीही मोजली पाहिजे. नाही तर मालकी बदलतानाच भरपाई दिली पाहिजे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम आहे. उपदानाचा हक्क 1972 पासून आहे: बारमाही कामाला दर वर्षामागे पंधरा दिवसांचे आणि हंगामी कारखान्यात दर हंगामामागे सात दिवसांचे वेतन. सात दिवस म्हणजे फार नव्हे. एकोणीस हंगामांचे मिळून 133 दिवस होतात. तेवढेही बुडाले, कारण कागद नव्हता.

1875 साली शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण कागद फक्त दुसऱ्याच्या हातात होता. आज कागद जाळून भागणार नाही. तो आपल्या हातात आला पाहिजे. नेमणुकीचे पत्र मागा. पगाराची पावती जपून ठेवा. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घरातल्या शिकलेल्या मुलाला पाठ करायला सांगा आणि वर्षातून एकदा खाते तपासा. ठेकेदार बदलला, पाटी बदलली, बापाच्या जागी मुलगा बसला, तर त्याच आठवड्यात आपल्या नोकरीची सलगता लेखी मागा. दहा जणांनी मिळून मागितली, तर ती मिळते, हा माझा अनुभव आहे.

मालक मंडळींनाही एक विनंती आहे. आपण घराण्याचे स्मृतिग्रंथ काढता, पूर्वजांच्या तसबिरी छापता, हे योग्यच आहे. अगोलाईहून वाकोदला आलेल्या माणसांची आठवण राहिली म्हणून आज मी सात हजारांचा हिशेब करू शकलो. त्याच ग्रंथात चार पाने कामगारांना द्या. कोण कधी लागला, कोणत्या यंत्रावर होता, कोणाचा मुलगा पुढे त्याच खात्यात आला, हे लिहा. त्याने आपली मालमत्ता कमी होणार नाही. पत मात्र वाढेल, आणि पत हाच पिढ्यांना पुरणारा जिन्नस आहे.

बाहेरून आलेला माणूस परका कधी उरत नाही, या प्रश्नाचे उत्तरही मला येथेच सापडते. तो आपली भाषा बोलू लागला, आपल्या गावात त्याची चिता जळली, एवढ्याने तो आपला होतो खरा. पण ज्यांच्या हातांनी त्याची पेढी उभी राहिली, त्यांची नोंद तो आपल्या वहीत घेतो, तेव्हा त्याची पेढी गावाची होते. या वर्षीच्या दिवाळीत वहीपूजन कराल, तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभाच्या खाली कामावरच्या माणसांची नावे लिहून पाहा. त्या मावशीचा प्रश्न अजून उत्तराची वाट पाहत आहे.